“आपल्या पोरांना नाही जमणार” हे वाक्य शाळेतून कसं घालवू?

माळावरची_बाई · ११ सप्टेंबर

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत जूनपासून मुख्याध्यापिका आहे. पहिली ते आठवी, पट २१४, माझ्यासह आठ शिक्षक. त्याआधी १९ वर्षं उपशिक्षिका होते, त्यातली बरीचशी पहिली-दुसरीला. पदोन्नती झाली तेव्हा वाटलं होतं, आता खरा त्रास कागदांचा. तो आहेच. पण रात्री झोप उडवते ती गोष्ट निराळी आहे.

आमच्याकडे कामचुकार शिक्षक एकही नाही, हे आधी सांगते. चौथीचे गुरुजी मधल्या सुट्टीत खिचडी खाऊन झाली की दोन-तीन पोरांना पायरीवर घेऊन बसतात. सातवीच्या मॅडम विज्ञानाचं साहित्य घरून पिशवीत भरून आणतात. एकेकाशी वेगळं बोललं तर प्रत्येक जण म्हणतो, “माझ्या वर्गाचं मी बघतो, बाई, काळजी करू नका.” पण हेच सगळे ऑफिसात एकत्र बसले की सूर बदलतो. “आपल्या पोरांना नाही जमणार.” “दसरा झाला की निम्मी पोरं आईबापाबरोबर ऊसतोडीला कारखान्यावर. शिकवायचं कुणाला?” पाचवीवाले चौथीकडे बोट दाखवतात, चौथीवाले दुसरीकडे आणि पहिलीवाले अंगणवाडीकडे.

जुलैत आम्ही सगळ्या मुलांचं वाचन तपासलं, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्यांनी. पाचवीच्या २९ मुलांपैकी ११ जणांना परिच्छेदही वाचता येत नव्हता. मी तो तक्ता ऑफिसातल्या फळ्यावर लिहिला. वाटलं, आकडे बघून सगळे कंबर कसतील. दोन मिनिटं कुणी काही बोललंच नाही. मग आमच्यातल्या सगळ्यांत ज्येष्ठ गुरुजींनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि म्हणाले, “बाई, मी इथं ११ वर्षं आहे. तक्ता दर वर्षी असाच असतो.” त्यांनी ते रागानं म्हटलं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. बैठक तिथंच संपली.

त्यानंतर मी दोन गोष्टी करून पाहिल्या. एका वक्त्यांना बोलावलं. दोन तास छान बोलले, टाळ्या पडल्या, सोमवारी सगळं जिथल्या तिथं. मग “महिन्याचा उपक्रमशील शिक्षक” सुरू केलं, परिपाठात गुलाबाचं फूल आणि प्रमाणपत्र. पहिलं सातवीच्या मॅडमना दिलं. तेव्हापासून त्या डबा आपल्या वर्गात एकट्या खातात, कारण ऑफिसात आल्या की कुणीतरी “या, आदर्श शिक्षिका” म्हणतं. चूक माझी होती. ते बंद केलंय.

एकेका शिक्षकाला उभारी कशी द्यावी हे मी विचारत नाहीये. “आपण आठ जण मिळून या गावातल्या पोरांना वाचतं करू शकतो” असं आठही जणांना एकाच वेळी वाटावं, यासाठी मुख्याध्यापकानं नेमकं काय करायचं असतं? ज्यांनी केलंय किंवा ज्यांच्या शाळेत होताना पाहिलंय, त्यांनी कृपया लिहा.

तिसरी_ब · ११ सप्टेंबर

मॅडम, मी शिक्षिका आहे, मुख्याध्यापिका नाही. शिक्षण सेवक म्हणून लागले त्याला सहा वर्षं झाली, दोन शाळा झाल्या. दोन्हीकडचं सांगते.

पहिल्या शाळेत सर पाठ निरीक्षणाला आले की आमच्या पोटात गोळा यायचा. मागच्या बाकावर बसायचे, लॉगबुक मांडीवर. तास संपला की शेरा लिहायचे, “फलकलेखन सुधारावे”, “शैक्षणिक साहित्याचा वापर वाढवावा”, आणि खाली माझी सही. माझा कोणता मुलगा कुठे अडला, यावर एक शब्द नाही. सर तसे सज्जन होते. पण त्यामुळे आम्ही सगळे शिकलो काय, तर दार लोटून घ्यायला. शेजारच्या वर्गात काय चाललंय हे मला तीन वर्षांत कळलं नाही.

आताच्या शाळेतल्या बाईंनी रुजू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात सांगितलं, “बुधवारी तिसऱ्या तासाला मी सहावीला अपूर्णांक शिकवणार आहे. मला तो घटक नीट जमत नाही. जमेल त्यांनी येऊन बघा, पोरं कुठे गोंधळतात ते मला सांगा.” आम्ही तिघी गेलो. बाईंचा तास खरंच मध्येच अडकला. त्यांनी १/३ आणि १/४ यांत मोठं कोणतं विचारलं, अर्धा वर्ग १/४ म्हणाला, आणि भाकरीचं चित्र काढूनही पटेना. नंतर बाईंनी चहा सांगितला आणि विचारलं, “काय दिसलं?” मी घाबरत म्हटलं, “बाई, तुमची दोन चित्रं वेगवेगळ्या आकाराची होती.” त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या तासाला दोन्ही भाकऱ्या एकाच ताटाच्या कडेनं आखल्या. त्या दिवसापासून आमच्या शाळेत दारं उघडी आहेत. लॉगबुक लागतं म्हणून असतं, पण ते या बघण्याच्या आड येत नाही. बाईंनी स्पष्ट सांगितलंय की बुधवारच्या तासातलं काहीही लॉगबुकात जाणार नाही.

आणखी एक. ऑनलाइन माहिती, यू-डायस (शाळेची माहिती), शालार्थ (पगार), पोषण आहाराच्या नोंदी यातलं जेवढं स्वतःवर घेता येतं तेवढं त्या घेतात आणि शनिवारी शेवटचा अर्धा तास कुणालाही कसलीही माहिती मागत नाहीत. निवडणुकीचं, मतदार यादीचं बीएलओचं काम आलं की त्यांच्याही हातात काही नसतं, तेव्हा तसं सांगतात. पण “हा अर्धा तास तुमचा” म्हटल्यावर तो आमचाच राहतो.

जुना_फळा · १२ सप्टेंबर

बाई, तुमचा प्रश्न वाचून मी काल दोनदा उठून फेऱ्या मारल्या. सातारा जिल्ह्यात ३४ वर्षं नोकरी करून मी २०१९ मध्ये मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. तुमच्या ज्येष्ठ गुरुजींचं वाक्य माझ्या शाळेत मी स्वतः ऐकलंय, आणि खरं सांगायचं तर शिक्षक असताना म्हटलंही आहे. ते आळसाचं वाक्य नव्हे. पुष्कळ वर्षं एकट्यानं जोर लावून काही हललेलं न बघितल्याचं ते वाक्य आहे. म्हणून त्यावर भाषणाचा इलाज चालत नाही. काहीतरी हललेलं दाखवावं लागतं, आणि ते सगळ्यांनी मिळून हलवलेलं असावं लागतं.

माझा पहिला प्रयत्न फसला, तो आधी सांगतो. मी “इंग्रजी सुधार वर्ष” जाहीर केलं. फलक रंगवला, दिवाळीपर्यंत सगळे दमले, कारण इंग्रजी सुधारलं की नाही हे कुणाला दिसेचना. विषय भला थोरला होता. पुढच्या वर्षी मी विषय निवडला तो एवढासा: वजाबाकी. तीन अंकी, हातच्याची. लोक म्हणाले, हे काय सर, हे तर तिसरीचं. मी म्हटलं, सातवीपर्यंत प्रत्येकानं आपल्या वर्गात एक उदाहरण घाला आणि शनिवारी तीन वह्या घेऊन या. चांगल्या तीन नकोत, अडलेल्या तीन.

४०२ वजा १७८ हे उदाहरण होतं. उत्तर २२४. बऱ्याच मुलांनी ३७६ लिहिलं होतं. हे आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं, मोठ्यातून लहान वजा करतात, आकडा वर आहे की खाली ते बघत नाहीत. पण चौथीतल्या एका मुलीच्या वहीत ११४ होतं, आणि सहावीतल्या एका मुलाच्याही ११४. दोघांची घरं वेगळी, वर्ग वेगळे. वही मध्ये ठेवून आम्ही सहा जण वाकून बघत होतो. पोरीनं वरचे आकडे नीट खोडले होते, चारचे तीन, शून्याचे नऊ, दोनचे बारा. मग ११४ आलं कुठून?

दहा मिनिटांनी आमच्या दुसरीच्या बाई म्हणाल्या, “अहो, हिनं खालच्या आकड्यातही एक एक मिळवलाय.” आणि खोलीत एकदम शांतता झाली. जुनी रीत तुम्हाला आठवत असेल: वरच्याला दहा द्यायचे आणि खालच्या आकड्यात हातचा एक मिळवायचा. आमचे एक गुरुजी त्याच रीतीनं शिकले होते, त्याच रीतीनं शिकवत होते, आणि ती रीत चूक नाही, उत्तर बरोबरच येतं. शेजारच्या वर्गात दशक सुटा करून वरचा आकडा खोडायची रीत. पोरीनं दोन वर्षांत दोन्ही शिकल्या आणि प्रामाणिकपणे दोन्ही एकदम केल्या. बारातून आठ गेले चार, नवातून आठ गेले एक, तिनातून दोन गेले एक. ११४. मुलगी ढ नव्हती. तिनं आमच्या दोन्ही शिक्षकांचं ऐकलं होतं.

बाई, त्या शनिवारी माझ्या शाळेत जे झालं ते नंतरच्या कुठल्याही प्रशिक्षणात झालं नाही. तोवर आम्ही म्हणत होतो की पोरं कच्ची. त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं की हे पोरांचंही नाही, कुणा एका गुरुजींचंही नाही, आमच्या सगळ्यांच्या मधल्या फटीतलं आहे. आणि फट आमची असेल तर बुजवणंही आमच्या हातात आहे. जुन्या रीतीच्या गुरुजींना कुणी बोल लावला नाही, ते मी आधीच बजावलं होतं. तेच म्हणाले, “मी बदलतो, पण मला काड्यांचे गठ्ठे घेऊन एकदा दाखवा, मला तशी सवय नाही.” पंचावन्न वर्षांचा माणूस दुसरीच्या बाईंपुढे बसून दहा-दहाचे गठ्ठे सोडत होता. मला अजून दिसतं ते.

मग आम्ही एवढंच ठरवलं: सगळ्या वर्गांत एकच रीत, एकच शब्द. “सुटा करणे” हा शब्द. “उसना”, “हातचा”, “उधार” असं जो तो आपापलं म्हणायचा, ते थांबवलं. दर शनिवारी २० मिनिटं, तीन वह्या. सहा आठवड्यांनी तिसरी-चौथीच्या ४१ मुलांना तसंच उदाहरण घातलं. पहिल्यांदा १३ जणांचं बरोबर होतं, आता ३३ जणांचं. मी तो आकडा ऑफिसात लावला, वर्गवार नाही, शाळेचा एकच. वर्गवार लावला असता तर तुमच्या गुलाबाच्या फुलासारखंच झालं असतं.

मुख्याध्यापकानं काय करायचं, तर यातलंच. विषय एवढा लहान निवडायचा की दीड महिन्यात हललेला दिसेल, आणि असा की सगळ्या वर्गांचा हात लागल्याशिवाय हलणार नाही. वेळ राखायचा. आणि आकडा हलला की “छान काम” म्हणून सोडून द्यायचं नाही. तुम्ही काय बदललंत आणि त्यामुळे काय झालं, हे दोन्ही जोडून बोलायचं. ही जोडणी शिक्षक स्वतःहून करत नाहीत. ते म्हणतात, “यंदाची बॅच बरी आहे.” तिथे मुख्याध्यापकानं शांतपणे म्हणायचं असतं, “बॅच तीच आहे, गुरुजी. आपण गठ्ठे सोडायला लागलो.”

अधिव्याख्याता_डाएट · १२ सप्टेंबर

जुना_फळा सरांनी लिहिलंय त्याला अभ्यासकांनी नाव दिलेलं आहे, तेवढीच भर घालतो. अल्बर्ट बांडुरा हे मानसशास्त्रज्ञ १९७७ साली माणसाच्या “हे मला जमेल” या विश्वासावर लिहू लागले, त्या सुमारास ते सापाला घाबरणाऱ्या लोकांवर प्रयोग करत होते. साप निरुपद्रवी आहे हे ऐकवून भीती फारशी जात नव्हती. कुणीतरी आधी साप हाताळून दाखवला, मग त्या माणसाला पायरी पायरीनं जवळ नेलं, शेवटी त्यानं स्वतः हातात धरला, की भीती जायची. पुढे १९९३ मध्ये त्यांनी हाच विचार शाळेला लावला: एका शाळेतले शिक्षक मिळून आपल्या ताकदीबद्दल काय मानतात, याचा मुलांच्या शिकण्याशी संबंध आहे, आणि तो मुलांच्या घरच्या परिस्थितीपुढे फिका पडत नाही.

हा विश्वास चार वाटांनी येतो, असं ते मांडतात. स्वतः करून मिळालेलं यश ही सगळ्यांत भक्कम वाट. आपल्यासारख्याच कुणाला जमलेलं पाहणं ही दुसरी. विश्वासातल्या माणसानं दिलेला धीर तिसरी. आणि मनाची अवस्था, म्हणजे ताण, भीती, उत्साह, ही चौथी. बाई, तुम्ही वक्त्यांना बोलावलंत तेव्हा तिसरी वाट धरली होती, आणि तीही परक्या माणसाच्या तोंडून.

दुसऱ्या वाटेबद्दल माझा अनुभव सांगतो. २०१५ मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम सुरू झाला तेव्हा साताऱ्याच्या कुमठे बीट या शाळागटातल्या शाळा बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या जायच्या. मीही गट घेऊन गेलो होतो. एका शाळेतून एकटा आलेला शिक्षक भारावून परतायचा आणि पंधरा दिवसांत थंड व्हायचा, कारण आपल्या ऑफिसात तो ते कुणाला सांगणार? एका शाळेतून तिघं-चौघं आले की परतीच्या प्रवासात गाडीतच भांडण जुंपायचं, “आपल्याकडे हे असं नको, तसं करू.” त्या शाळांत काहीतरी टिकलं. शाळा निवडतानाही “आपल्यासारखी” हे महत्त्वाचं. तुमच्या शिक्षकांना नावाजलेली, इमारत चकचकीत, लोकवर्गणी भरभरून अशी शाळा दाखवलीत तर ते म्हणतील, “त्यांचं वेगळं आहे”, आणि त्यांचं बरोबरही असेल. तुमच्याच तालुक्यातली, ऊसतोडीच्याच गावातली, एखादीच गोष्ट बरी करणारी शाळा शोधा. केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, मासिक शिक्षण परिषद तिथे भरवायला केंद्रप्रमुखांना विनंती करा.

एक सावधगिरी. जॉन हॅटी या शिक्षण-संशोधकांच्या २०१७च्या यादीत शिक्षकांच्या या सामूहिक विश्वासाला १.५७ असा परिणामाचा आकडा देऊन सगळ्यांच्या वर ठेवलेलं होतं, आणि प्रशिक्षणांत तो आकडा मंत्रासारखा म्हटला जातो. त्यामागचे अभ्यास मुख्यतः दोन गोष्टी एकत्र आढळतात एवढंच सांगणारे आहेत. चांगल्या निकालानंही विश्वास वाढतो, विश्वासानंही निकाल सुधारतो. म्हणून विश्वास आधी पैदा करू, मग काम करू, असं थांबू नका. वजाबाकीपासून सुरुवात करा, हा सरांचा सल्ला कुठल्याही आकड्यापेक्षा खात्रीचा आहे.

माळावरची_बाई · १४ सप्टेंबर

तुम्हा तिघांचे उपकार कसे मानू कळत नाही. सर, ११४ची गोष्ट मी ऑफिसात वाचून दाखवली. आमच्या दुसरीच्या ताई लगेच म्हणाल्या, “आपल्याकडेही दोन रीती आहेत.” आहेतच.

पण एका गोष्टीवर माझं अडतंय. आमच्या गुरुजींचं दुसरं वाक्य, “निम्मी पोरं जाणार”, हे तर खरंच आहे. निम्मी नाही, पण गेल्या हंगामात ४७ मुलं आईवडिलांच्या कोयत्यावर गेली. हंगामी वसतिगृहामुळे काही थांबली, ज्यांच्याकडे आजी आहे ती थांबली, बाकीची गेली. दसऱ्यानंतर जातात ती मार्च-एप्रिलला येतात. शिक्षण हमी कार्ड हातात देतो, तिकडच्या शाळेत बसतातच असं नाही. आता मी शिक्षकांना “आपण करू शकतो” म्हणायचं आणि ऑक्टोबरात बाक रिकामे व्हायचे. मग ते मला खोटं ठरवणार नाहीत का?

जुना_फळा · १४ सप्टेंबर

ठरवतील, जर तुम्ही सगळ्यांबद्दल बोललात तर. म्हणून सगळ्यांबद्दल बोलू नका. बैठकीत फळ्यावर दोन भाग करा. एकीकडे आपल्या हाताबाहेरचं लिहा: कारखाना, मुकादमानं आगाऊ दिलेली उचल, पाऊस. खुशाल लिहा, कुणालाही “रडगाणं” म्हणून गप्प करू नका. इतकी वर्षं त्या लोकांनी ते सोसलंय, एकदा फळ्यावर येऊ दे. दुसरीकडे लिहा की जी मुलं सप्टेंबर-ऑक्टोबरात समोर बसलीत त्यांचं काय करता येईल, आणि जी मार्चात परत येतील त्यांना पहिल्या आठवड्यात काय द्यायचं. मग पहिल्या भागाला हात न लावता दुसऱ्यातलं एक उचला. शिक्षकाला मुख्याध्यापक खरं बोलतोय हे कळलं की तो पुढचं ऐकतो.

सुपरवायझर_कोकण · १५ सप्टेंबर

मी खाजगी अनुदानित हायस्कूलमध्ये आहे, त्यामुळे तुमच्यासारख्या शिक्षकांच्या ऑनलाइन बदल्या आमच्याकडे नाहीत. पण माणसं निवृत्त होतात, जागा रिकाम्या राहतात, तासिका तत्त्वावर नवे येतात. आमच्याकडे जमवलेली घडी दोन वर्षांत विस्कटली, कारण जे ठरलं होतं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं, ते तीन माणसांच्या डोक्यात होतं. तुम्ही ठरवाल ते एका साध्या दोनशे पानी वहीत लिहीत जा: कोणत्या मुलाची कोणती चूक, आपण काय केलं, काय झालं. नवा माणूस आला की शाळेची माहिती देताना ती वही हातात द्या. आमच्याकडे आता तशी वही आहे. नवे सर ती घरी घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, “पान अमुकवरची अडचण माझ्या वर्गातही आहे.” पहिल्याच आठवड्यात ते आमच्यातले झाले.

माळावरची_बाई · १८ जानेवारी

चार महिन्यांनी लिहितेय. काही जणांनी निरोपात विचारलं, म्हणून.

आम्ही वजाबाकी घेतली नाही, जोडाक्षरं घेतली. कारण जुलैच्या तपासणीच्या वह्या परत काढल्या तेव्हा दिसलं की परिच्छेदाला अडलेल्या ११ पैकी ८ मुलं साधे शब्द वाचत होती आणि जोडाक्षर आलं की थांबत होती. “रस्ता”ला “रसता”, “पुस्तक”ला “पुसतक”. मी बैठकीत म्हटलं, ही मुलं वाचत नाहीत असं आपण म्हणत होतो, ही तर वाचताहेत, एका जागी अडली आहेत. ज्येष्ठ गुरुजींनी वह्या आपल्याकडे ओढल्या आणि एकेक शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारत बसले. बैठक पाचला संपायची होती, साडेपाचला मीच उठवलं, एसटीची वेळ झाली म्हणून.

मग कळलं की एकाच “स्त”ला आम्ही चार नावांनी शिकवतो. कुणी अर्धा स, कुणी पाय मोडका स, कुणी “स ला त चिकटला”, आणि एक जण काहीच न सांगता नुसतं दहा वेळा लिहून घेतात. “अर्धा” ठरलं. तिसरी_ब ताई, तुमच्या बाईंसारखं मीच आधी तास घेतला, चौथीवर. तास बरा झाला, पण माझ्या बोलण्याचा वेग फार आहे असं दुसरीच्या ताईंनी सांगितलं. खरं आहे ते. पहिलीच्या मुलांना ओरडून-ओरडून लागलेली सवय.

फळ्याचे दोन भागही केले, सर. हाताबाहेरचा भाग भरत भरत खालपर्यंत गेला. एका शिक्षिकेच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांच्या वर्गातली एक हुशार मुलगी गेल्या वर्षी कोयत्यावर गेली ती परत आलीच नव्हती, लग्न झालं. मी काही बोलले नाही. सगळेच थोडा वेळ बसून राहिलो. मग चौथीचे गुरुजी उठले आणि दुसऱ्या भागात त्यांनी पहिली ओळ लिहिली.

दसऱ्याआधीच्या आठवड्यात पाचवीची तपासणी केली. अडलेल्या ११ पैकी ६ जण परिच्छेद वाचू लागले. त्यातली ४ मुलं नंतर गेलीच. पण जाताना वाचता येऊन गेली, हे गुरुजींनी स्वतःहून दोनदा बोलून दाखवलं. शाळेतल्या मुलांची पुढची तपासणी गेल्या शनिवारी झाली, अजून दोघं पुढे सरकली. एक जागची हललेली नाही. तिचं काय करायचं यावर पुढचे दोन शनिवार जाणार आहेत.

सातवीच्या मॅडमकडे मी जाऊन माफी मागितली. त्या म्हणाल्या, “राहू द्या, बाई.” डबा अजून कधी ऑफिसात, कधी वर्गात. पण शनिवारी वह्या घेऊन सगळ्यांत आधी त्याच येतात, सातवीत जोडाक्षराला अडणारी तीन मुलं त्यांनीच शोधून काढली, जी सहा वर्षं कुणाच्या लक्षात आली नव्हती.

मार्चात परतणाऱ्या मुलांची यादी आता ऑफिसात लावली आहे. नाव, वर्ग आणि जाताना कोणत्या शब्दाला अडत होता तो शब्द. मी सांगितलं नव्हतं, ज्येष्ठ गुरुजींनी बनवली आहे, आणि प्रत्येक नावापुढे कोण घेणार ते त्यांनीच विचारून लिहिलंय. कोकणातल्या ताई की दादा, तुमची दोनशे पानी वहीही सुरू आहे, ४३ पानं झाली.

आता आम्ही “र”वर आलोय आणि अडलोय. चक्र, ट्रक, सूर्य, दऱ्या अशी “र”ची चार रूपं. त्यातलं “चक्र” मुलांना जमतं, “ट्रक” गाडी माहीत असल्यामुळे जमतो, पण रफार ज्या अक्षराच्या डोक्यावर असतो त्याच्या आधी उच्चारायचा हे पटतच नाही. “सूर्य”चं “सूयर” होतं, “पर्वत”चं “पवरत”. दोन शनिवार झाले, आमच्यात एकमत होत नाहीये: रफार शेवटी घ्यावा की “ऱ्या”च्या आधी. पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या कुणाकडे यासाठी काही युक्ती असेल तर शनिवारच्या आत लिहा, मी प्रिंट काढून नेते.